पांडूकाकांच्या फियाटीतला रेडिओ

गॅरेजात भंगार आणि किस्से, दोन्ही साठतच जातात. भंगारवाला येऊन भंगार तरी घेऊन जातो! आमच्या मुरबाडच्या गॅरेजात डबे उघडले की कुणीतरी जुना किस्सा काढतोच. पण पांडूकाकांच्या फियाटीचं निघालं की आम्ही हसत सुरू करतो, आणि मग जेवण लांबतं.

•

गाडी खर्डीहून टेम्पोत घालून आणली. इंजिन बंद, टायर बसलेले. काकांनी आयुष्यभर टुरिस्ट गाडी चालवली, ही त्यांची घरची. माझा पार्टनर दिनू म्हणाला, "काका, आधी इंजिन बघू ना!"

"इंजिन नको. पूर्वी व्हता तसलाच रेडिओ न् स्पीकर बसव. आमाला कुठं जायाचं नाय, फक्त बसायचंय."

सोबत त्यांची मुलगी, सुनंदाताई. तिनं समजावलं. काकींना विसरण्याचा आजार. लेकीलाच ओळखत नाहीत. पूर्वी या गाडीत बसल्या की रेडिओ आधी लावायच्या. "तो ऐकून आई एकदा तरी मला नावानं हाक मारील," ताई म्हणाली. दिनूनं उघडलेलं बोनेट परत लावलं.

•

दिनू हौशी. मोठ्या स्क्रीनचा नवा सेट काढून म्हणाला, "काका, हा घ्या! पिक्चर पण दिसंल!"

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. पार टक्कल. "मी एवढा बदललो, तेवढं बास झालं रे. रेडिओ तरी तोच ऱ्हाऊ दे!"

मग काय, कल्याणचं भंगार मार्केट पालथं घातलं. तसलाच मिळाला, बटणं तेवढी दुसऱ्या सेटची लावली.

•

बसवताना ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर बोलेना. पडदाच फाटलेला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले, "तिच्या बाजूचा वाजला म्हंजे झालं."

"मग स्टिरिओ कसला, काका?"

"आमच्या घरात पयल्यापासून एकाच बाजूनं आवाज येयाचा!"

आम्ही खो खो हसलो. काका पण हसले. मग हळूच म्हणाले, "आता तोबी नाय." मला फार वाईट वाटलं. दिनूनं दुसऱ्या गाडीचा स्पीकर काढून तिथं बसवला.

•

काम झालं तसं काकींना रिक्षानं आणलं. नऊवारी नेसलेल्या, अंबाड्यात अबोली. चहा आला. काकींनी सुनंदाताईकडं बोट केलं.

"या बाईंना आधी द्या हो. फार माया करतात माझ्यावर. कोणाच्या कोण!"

दिनूचा हात थांबला. ताईनंच कप घेतला.

"द्या, द्या," ती म्हणाली. "मी यांच्याच ओळखीनं आलेय!"

कुणाला हसू आलं नाय.

•

मग तिघं गाडीत बसली. स्टिअरिंगवर काका, शेजारी काकी, मागं ताई. मी बॅटरी जोडली. जरा खरखर झाली आणि जुनं भावगीत लागलं. दोन्ही बाजूंनी, अगदी मोकळं!

काकी समोर बघत बसल्या. गाणं अर्ध्यावर आलं. ताई मागून आईच्या मानेकडं बघत होती. नंतर तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

तेवढ्यात काकींनी हात पुढं केला आणि बटण फिरवून आवाज कमी केला.

"अवो, जरा बारीक ठेवा," त्या काकांना म्हणाल्या. "मागं आपली सुनी झोपलीय."

सुनंदाताईनं चष्मा काढला. पाय वर घेतले, सीटवर आडवी झाली आणि डोळे मिटले.