थांबायचा हुकूम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असतील, त्याची माफी असावी. लढाईच्या काळात मी पुण्याच्या बाजूला मिलिटरी हॉस्पिटलात आया होते. नंतर रत्नागिरीत एका दवाखान्यात लागले. तेव्हा स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. तिथले डॉक्टर पूर्वी कॅप्टन होते, त्यामुळे काम पलटणीसारखंच चाले.

चालताना ज्यांच्या पोटरीत गोळा येई, त्यांना डॉक्टर सकाळी व्हरांड्यात चालवून बघत. पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या की असं होतं, असं ते सांगत. रोग्यानं एका चालीनं चालायचं आणि दुखायला लागलं की थांबून सांगायचं. कोणत्या खांबापाशी थांबला, ते डॉक्टर लिहून घेत. मी लाकडी खुर्ची घेऊन मागून चाले. थांबला की खुर्ची लावायची, एवढंच माझं काम. बोलायचं नसे, ते मला बरं वाटे. पण ती खुर्ची शिसवी होती. दुपारपर्यंत खांदे भरून येत.

हवालदार धोंडू लांज्याकडचे, पेन्शनीत आलेले. उजव्या पायाच्या बोटाला जखम होती, ती भरत नव्हती. पावलावर नाडी लागत नव्हती. पण चालायला लावलं की छाती पुढं काढून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात आणि परत येत.

"दुखतंय?"

"नाय साहेब."

दोन दिवस तेच. बाकावर हर्ण्याचे एक म्हातारे, मचवा चालवणारे तांडेल आपल्या पाळीची वाट बघत बसलेले असत. ते म्हणाले, "हवालदार, हितं मेडल नाय भेटत. मी दुसऱ्या खांबालाच बसलो. ह्या खुर्चीवाल्या बाईनं पानी पन दिलान." हवालदारांनी तिकडे पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी बोट निळं पडलं होतं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की मुंबईचे सर्जन चालण्याचा रिपोर्ट बघूनच ऑपरेशनला घेतात. रिपोर्ट चांगला गेला तर ते घेणार नाहीत, आणि मग इथं पाय कापावा लागेल. हवालदार "हो साहेब" म्हणाले आणि चालायला लागले.

तिसऱ्या खांबाला त्यांचा पाय ओढला गेला. सदरा घामानं पाठीला चिकटलेला मला मागून दिसत होता. डॉक्टरही बघत होते.

"हवालदार, हॉल्ट."

ते थांबले. मी खुर्ची लावली. बसले नाहीत.

"बसा. हुकूम आहे."

"दुसरं काय पन सांगा, साहेब."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. ब्रह्मदेशात ते नाईक होते. शेजारच्या वाडीतला भिकू त्यांच्याच सेक्शनमध्ये होता. एका मार्चमध्ये त्याचे पाय सुजले. जरा बसतो म्हणाला. यांना वाटलं, अंग चोरतोय. यांनी त्याला तसाच चालवला. संध्याकाळी तो वाटेत पडला. पहाटे गेला.

"त्याला मी बसू दिला नाय, साहेब. आता मी कसा बसू?"

डॉक्टर वही घेऊन त्यांच्या समोर आले. मग म्हणाले, "भिकूनं रिपोर्ट दिला होता. तुम्ही घेतला नाहीत. आज तुमचा पाय रिपोर्ट देतोय. हाही घेणार नाही?"

हवालदारांनी खुर्चीची पाठ धरली.

"दुसऱ्या खांबापासून दुखतंय, साहेब," ते म्हणाले आणि बसले. तांडेल उठले आणि त्यांनीच पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात हवालदार आगबोटीनं मुंबईला गेले. ऑपरेशन झालं. बोट गेलं, पाय राहिला. त्या पायावर ते तीन वर्षं चालले. मग हृदयाच्या दुखण्यानं वारले.

त्यांची बायको नंतर डोळे दाखवायला दवाखान्यात आली होती. हवालदार इथं होते तेव्हा ती सोबतीला असे, म्हणून तिनं मला ओळखलं आणि जवळ बसवून घेतलं. म्हणाली, शेतावर जाताना पाय दुखला की ते थांबत, बांधावर टेकत आणि पुटपुटत. वाडीतल्यांना वाटे, देवाचं नाव घेतात. तिला मात्र जवळून ऐकू येई. ते म्हणत, "भिकू, बस रे जरा."