चौथा ट्रायपॉड

तीन ट्रायपॉड परत करून झाले होते आणि आता दुकानाच्या गच्चीवर चौथा उभा होता. लेकीने घड्याळ बघितलं. हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट; पेशंट ताटकळत ठेवून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. आणि बाबा निवांत! एकेक खटका उघडतायत, लावतायत, पुन्हा उघडतायत.

बाबा म्हणजे जमीन मोजणी खात्यातले निवृत्त सर्व्हेअर. खात्यात त्यांना 'ओळंबा' म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याने अगदी बघून ठेवलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर या माणसाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लोकांकडे गेले तरी आधी त्यांचं कॅलेंडर सरळ करणार, मग चहाला हात लावणार. छत्तीस वर्षं तिवईवर यंत्र चढवून लोकांच्या हद्दी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर लांबचं दाखवणारा स्कोप घेऊन तळ्यावरची बदकं मोजायला लागले. दर हिवाळ्यात पक्षी मंडळाची गणना असते. त्यात उत्तरेचा काठ बाबांचा. अकरा वर्षं त्या काठाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा सरावाच्या मोजणीत घोळ झाला. बाबांनी चारशे दहा लिहिले, शेजारच्या काठावरून त्याच थव्याचे सहाशे भरले. मंडळाचे सेक्रेटरी गोड माणूस. फोनवर गोडच बोलले, "रविवारच्या गणनेत पुन्हा असं झालं, तर काठ दुसऱ्या कोणाला देऊ या. तुम्हालाही आराम." बाबांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "ट्रायपॉड हलतो."

झालं! तिथून तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही. पहिला नवा ट्रायपॉड हलका, वाऱ्याने हलतो. दुसरा जड, पण मान ढिली. तिसऱ्याचा मधला दांडा वर काढावा लागतो, म्हणजे तो हलणारच. जेवताना ट्रायपॉड, झोपताना ट्रायपॉड. लेकीला वाटलं, एखादं बाळंतपण परवडलं असतं.

"काका, स्कोप साठपट मोठं दाखवतो," दुकानदार आता दात आवळून बोलत होता. "मग हलणंही साठपट दिसणार ना? तरी या चौथ्याखाली मी वजन लटकवलंय. बघा तर खरं."

समोर लांबवर पाण्याची टाकी होती. आधी लेकीने डोळा लावला. टाकीवर रंगवलेला आकडा, लोखंडी शिडी, शिडीवर बसलेला कावळा, सगळं चित्रासारखं.

"बाबा, ढिम्म हलत नाही."

बाबांनी डोळा लावला. "हलतंय."

"मग काय टाकी हलतेय?"

"चिडू नकोस. यंत्रावर चिडून चालत नाही."

"मी यंत्रावर चिडलेच नाहीये!"

दुकानदाराने खाली बघून घसा खाकरला. बाबा पुन्हा वाकले. आणि आता कुठे लेकीने ट्रायपॉड सोडून बाबांकडे बघितलं. डाव्या हाताची मूठ ट्रायपॉडच्या पायावर इतकी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"बाबा, हात काढा."

"धरलाय कुठे? नुसता टेकवलाय."

"तुमच्या माणसाने मोजणीत यंत्राला हात लावला असता तर तुम्ही त्याला हाकलून दिलं असतं. काढा."

वर्मावर बोट पडलं. बाबांनी रागारागाने दोन्ही हात काढले आणि पाठीमागे बांधले. क्षणभर उभे राहिले ताठ. मग काही आवाज न करता डावीकडे कलायला लागले. लेकीने काखेत हात घालून सावरलं. हे ती दिवसातून दहा वेळा करते. बाकी काही सुचायच्या आधी हात पुढे गेले होते.

दुकानदार आत निघून गेला.

"कधीपासून होतंय?"

"झाले असतील सहा महिने."

सहा महिने! रोज पेशंटच्या घरच्यांना ती हेच विचारायची, आणि ते म्हणायचे, लक्षातच आलं नाही हो. मनातल्या मनात त्यांना किती शिव्या घातल्या होत्या तिने. एका घरात राहता, डोळे फुटले होते का?

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घरात बसवलं असतंस."

बसवलं असतं, यात शंका नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

"सेक्रेटरीला फोन लाव," बाबा म्हणाले. "काठ दे म्हणावं कोणाला द्यायचा त्याला."

"वा! तीन आठवडे माझं डोकं खाल्लंत ते काठ सोडून द्यायला?" ती दाराकडे वळून ओरडली, "अहो, खुर्ची आहे का एखादी?"

खुर्ची आली. दुकानदाराने ट्रायपॉडचे पाय आखडून घेतले.

"उभ्या आयुष्यात मी बसून मोजणी केली नाही," बाबा म्हणाले.

"आज करा."

बसले एकदाचे. हात मांडीवर ठेवले, डोळा लावला.

"शिडीला तेवीस पायऱ्या," ते म्हणाले. "खालून सहावी एका बाजूने निखळलीये."

लेकीने वाकून बघितलं. खरंच निखळली होती. तिने मघाशी बघितली होती आणि तिला ती दिसली नव्हती.

"हाच घेऊ," बाबा म्हणाले. मग डोळा न काढताच, "रविवारी तुला सुट्टी असते का गं?"

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि विचारत नाहीत म्हणून ती सुखाने झोपत आली होती.

"नाही. बदलून घेते. निघायचं किती वाजता?"

"साडेचार."

"पहाटे साडेचार? बदकं काय कामावर जातात का?"

बाबा हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "बांधावरून चालताना मला धरायचं नाही. चारचौघं बघतात. तू नुसती डाव्या बाजूला राहा."