बैलाला सांगितलेलं झाड

माझ्या जावेच्या भावानं तिला पलटणीतून जाळीचा झुला आणून दिला, त्या दिवाळीत माझ्या अंगाला फराळ लागला नाही. खाल्ला भरपूर, लागला नाही. हिरवट सुताचा झुला, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या. घडी केली की पिशवीत मावायचा आणि उघडला की त्यात अख्खी जाऊ मावायची. माझी जाऊ काही बारीक नव्हती. बारीक मी होते, वाळल्या काडीसारखी, आणि काडीसारखीच पटकन पेटणारी.

लग्नाला माझ्या वर्ष झालं होतं. आमचे हे देवळीला शाळेत मास्तर, सुटीत तेवढे घरी यायचे. आले तरी मला काय त्याचं. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पाणी हवं असलं तर हे भिंतीला सांगायचे, "घोटभर पाणी भेटलं असतं तं बरं झालं असतं," आणि मी पाणी नेऊन ठेवायची. वहिनीशी मात्र दिरानं कितीही बोलावं, थट्टा करावी, कोणी काही म्हणत नसे. त्यामुळे सुटीभर यांचं हसणं मला ऐकू यायचं ते जावेच्या खोलीच्या उंबऱ्यापासून.

दिवाळीनंतर कार्तिकात आवळीभोजनाला आम्ही धाम नदीकाठच्या शेतात जायचो. दोन बैलबंड्यांत माणसं, भांडी, पीठ-मीठ भरायचं आणि तीन दिवस तिथंच झाडांखाली मुक्काम. त्या वर्षी झुलाही बंडीत बसला. माझ्या मांडीवरच ठेवला होता जावेनं. म्हणाली, "सांभाळून धरजो वं, कड्या लागतीन." मी धरला. तांदळाच्या पिठात पाणी जास्त पडावं तसं माझं तोंड झालं असणार, कारण सासूबाईंनी विचारलं, "पोटात दुखून राह्यलं का तुह्या?"

शेतात पोचलो आणि यांनी बंडीतून उतरल्या उतरल्या धोतर खोचलं. म्हटलं, आता गोवऱ्या उतरवतील, चुलीचे दगड आणतील. कुठलं. हे निघाले वहिनीच्या झुल्यासाठी झाडं पाहायला.

आणि काय ते पाहणं. नवरी पाहायला आले तेव्हा मला इतकं पाहिलं नव्हतं. प्रत्येक झाडाखाली उभं राहून आधी मान वर, वाळली फांदी लटकते का म्हणून. मग बुंध्यावर थापा, आतून पोकळ वाजतो का. मग साल खरवडून वाळवीची माती आहे का, मुंगळ्यांची रांग कुठं जाते, मोहोळ कुठं आहे. जाऊ मागं मागं फिरत होती, पदर सावरत.

"इथंच बांधा न भाऊजी, आवळीले. सावली कशी छान हाय."

"आवळीखाली जेवावं वहिनी, आवळीले लटकू नये. काडकन मोडते."

"मंग त्या कवठाले?"

"कवठ पडन डोक्यावर. दादा मले इचारतीन, अर्धी वहिनी कुठं ठेवली म्हणून."

जाऊ इतकी हसली की नदीपलीकडच्या म्हशींनी माना वळवल्या. मी वांगी चिरत होते. त्या दिवशीची भाजी फार बारीक चिरलेली झाली.

शेवटी दोन कडुनिंब पसंत पडले. फार दूर नाहीत, की झुला ताणून माणूस घसरावं. फार जवळ नाहीत, की माणसाची पोटळी व्हावी. दोराखाली यांनी पोत्याचे तुकडे घातले, झाडाची साल कापू नये म्हणून. झाडाची काळजी, वहिनीची काळजी. मग स्वतः दोराला लोंबकळून चार हिसके दिले आणि तेव्हा कुठं तिला बसवलं. ती बसली, झुला भुईच्या वीतभर वर येऊन थांबला, आणि सगळे वाहवा करू लागले. जणू तिनंच काही केलं होतं.

संध्याकाळी हे तांबड्या बैलाला पाणी पाजत होते. मी चुलीपाशी, सासूबाई शेजारी. हे बैलाच्या मानेवरून हात फिरवत मोठ्यानं म्हणाले, "जांभूळ मोठं दगाबाज झाड हाय. दिसते ठणठणीत, पण फांदी भरवशाची नाई. कोणी तिथं दोर बांधू नये."

मी मनात म्हटलं, झालं, वहिनीबाईंसाठी उद्याची सूचना. बैलाशी बोलतानाही तिचीच काळजी.

दुसऱ्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी हाणून मंडळी आडवी झाली. जाऊ झुल्यात. तिचा एक पाय बाहेर, त्यातली जोडवी उन्हात लकलकत होती, मुद्दाम माझ्याच डोळ्यांवर यावीत अशी. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. दोरीवर वाळत घातलेलं माझं ठेवणीतलं लुगडं ओढलं आणि निघाले. झाड कसं पाहायचं? मी पाहिलं ते एवढंच, की जिथून सगळ्यांना मी दिसेन ते. तसं एकच होतं. जांभूळ. फांदी हाताला येणारी, आडवी, गुळगुळीत. लुगड्याची दोन्ही टोकं तिला बांधली, लेकराच्या झोळीसारखी, आणि राणीसाहेब आत बसल्या. पाय बाहेर काढला. जोडवी चमकावीत म्हणून जरा हलवलाही.

पहिला झोका छान गेला. दुसरा अर्धाच गेला.

फांदी, लुगडं आणि मी, तिघं एकदम खाली आलो, खरकट्या पत्रावळींच्या ढिगात. उठले तर कमरेला लुगडं, डोक्यात पानं आणि दंडाला वांग्याची भाजी. सासरे जागे झाले आणि सभ्यपणे नदीकडे पाहत बसले. सासूबाई म्हणाल्या, "मोडलं का काही?" मी म्हटलं, "नाई." त्या म्हणाल्या, "मी फांदीचं इचारून राह्यली."

हे दूर बैलापाशी उभे. पाठ माझ्याकडे, खांदे गदगदा हलताहेत. जरा वेळानं बैलाला म्हणाले, "काल सांगतलं होतं न तुले? आयकतच नाई."

मी रडत लुगडं झटकत होते. जाऊ आली, केसांतली पानं काढू लागली. म्हणाली, "काऊन वं, काल आयकलं नाई तू? जांभळाचं?"

"ते तुमच्यासाठी होतं."

तिनं हात थांबवला. "माह्यासाठी? माह्याशी तं ते तोंडासमोर बोलतेत. मले सांगाले बैल कायले पायजे?"

मी रडायची थांबले. वर्षभरातली सगळी भिंतीला, बैलाला, कोनाड्यातल्या दिव्याला सांगितलेली वाक्यं एकदम आठवली. पाणी सोडलं तर एकाही वाक्याला मी उठले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासत होते. हे बैल सोडायला आले आणि त्याच्या कानाशी, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात बोलले, "बांधामागच्या चिंचेवर भूतबीत काही नाई. लोक उगाच भेतेत. फांदी हत्ती पेलीन. दोन येळा लटकून पाह्यलं मी."

सासूबाई चिंचेच्या सावलीला मरेपर्यंत गेल्या नाहीत, त्यामुळे तिकडे कोणी येण्याची धास्ती नव्हती. मी राख झटकली आणि बांध ओलांडला. दोर बांधून तयार होता. दोराखाली पोत्याचे तुकडे, जावेच्या दोराखाली होते त्याहून जाड. मी हात लावून पाहिलं. खरंच जाड होते. दोरावर घोंगडीची घडी टाकलेली. बसले, आणि दुपारपर्यंत उठलेच नाही. कोणी पाहायला नव्हतं, तरी पाय बाहेर काढला होता.

पण माझी जळण्याची खोड अशी एका दोरानं थोडीच जाणार. झोके घेता घेता मनात आलं, की वर्षभर या माणसाचं सगळं गोड बोलणं, मानेवर हात फिरवणं, कानाशी लागणं, मिळालं कोणाला? तांबड्याला.

पुढच्या पोळ्याला बैल ओवाळले, शिंगांना बेगड लावली, सगळं रीतसर केलं. फक्त तांबड्याला पुरणपोळी एक कमी वाढली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला काही सांगितलं नाही. सुटीला आलेले हे ओसरीवर होते, म्हणून कारण भिंतीला सांगितलं.