बांधावरची कोप

वळसंगच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. पूर्वेला काळं रान, पश्चिमेला खडकाळ माळ, मधे ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे एकमेकांना टेकून बसलेली घरं. लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या पाटीवर लिहिली आहे, पण ती खरी नव्हे. बरीच माणसं सोलापूर-पुण्याला असतात. ती सगळी एकदम पाहायची तर येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला यावं, आणि तेही गावात नाही, रानात. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि ज्वारीतून माणसं उगवतात. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी जेवायला ओढून नेतंच. वडील म्हणत, आज नकाशा उलटा धरायचा.

ते श्रावणात गेले. वर्ष सरेपर्यंत घरात सण नाही. म्हणजे यंदा आमच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी राहणार नव्हती, तिच्यात पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड बसणार नव्हते, पिकावर आंबील शिंपडली जाणार नव्हती. सणाचं आईला काही नव्हतं. रान उपाशी राहील, एवढंच तिला लागून राहिलं होतं.

येळवशीच्या सकाळी टोपल्या, पोरं, म्हाताऱ्या ट्रॅक्टरमधून गेल्या. गावात आम्ही दोघी आणि कुत्री उरलो. मी पुस्तक उघडून बसले. एवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. आमच्या रानाला लागून ज्यांचं रान, ते अण्णा. वडिलांचं आणि त्यांचं बांधावरून उभ्या आयुष्याचं भांडण. मोजणी आणली तेव्हा दोघेही हरल्यासारखे घरी आले होते. तरी एकाची दोरी कायम दुसऱ्याच्या विहिरीवर असायची.

अण्णा जेवायला चला म्हणाले. आईनं दुखवट्याचं कारण सांगितलं. पूजा आमची आहे, तुम्ही नुसतं बसायला या, असं त्यांनी समजावलं.

"तुमच्या रानात बसून आमच्या रानाकडं बघत ऱ्हाऊ व्हय?"

"तुमच्याच रानात बसा की, वैनी. कोप बांधावर घातलीया. अर्धी हिकडं, अर्धी तिकडं."

"हयातभर बांध सरकवला, आता कोपबी सरकवली."

"मग आणा मोजणी."

आईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायची तिची ती जुनी रीत.

तिघं एकाच गाडीवर गेलो. कोप खरंच बांधावर होती, जरा तिरकी. मिसळीच्या भाज्यांची आंबट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं मांडलेलं. आई आमच्या बाजूला ढेकळांवरच बसली आणि अण्णांच्या सुनेला भज्जीत चिंच कमी पडल्याचं ऐकवू लागली. सूनही कमी नव्हती. पुढच्या वर्षी तुम्हीच करा म्हणाली.

पूजा झाल्यावर अण्णांनी आंबिलीचा माठ उचलला आणि येळवशीची ती अर्धी कानडी हाक देत, शिंपडत, आपल्या पिकाभोवती निघाले. बांधाच्या टोकाला येऊन थांबले. इथून त्यांना परत फिरायचं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं.

"वैनी, वळू का?"

आई उठून उभी राहिली. "वळताय कशाला? जावा की पुढं."

अण्णा आमच्या ज्वारीत शिरले.

"कडंनं हरभरा हाय," आई मागून म्हणाली, "तुडवू नका."

ज्वारीच्या ताटांत ते दिसेनासे झाले. हाक तेवढी आमच्या रानातून फिरत राहिली.