दाजींच्या गाडीचा काटा

दाजींनी आयुष्यात डोळे मिटून विश्वास ठेवला तो गाडीच्या काट्यावर. बायकोचा नंबर त्याच्यानंतर लागायचा, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

खाणीवरची चारही चाकं ओढणारी गाडी ते चालवायचे. खालच्या ऑफिसपासून वरच्या खडकापर्यंत नुसता चढ, आणि रस्ता म्हणजे पाण्याने खरवडलेली चर. पहिल्या गियरमध्ये इंजिन बोंबलत असायचं, वेग मात्र माणसाने चालत गाठावा इतकाच. पुढून वारा म्हणून मिळायचा नाही. अशा वेळी दाजींचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर असायचा. काटा मध्याच्या वर सरकला की ते सरळ हीटर लावायचे. भर उन्हात! इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की त्याला तेवढाच आराम मिळतो, हे खरंच आहे. पण मागे बसलेल्या साहेबलोकांचं भरीत व्हायचं. तरी काटा ऐकेना, तर दाजी गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करायचे, बॉनेट उघडायचे आणि हाताची घडी घालून बाजूला थांबायचे.

"आता काय झालं?" कुणी खेकसलं तर म्हणायचे, "तिला दम लागलाय. आपल्याला नाही का लागत?"

खाणीच्या वर्कशॉपचा मुख्य मिस्त्री हा त्यांचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून सगळी खाण दाजी म्हणायची. हाक मानाची, पण मारणाऱ्यांच्या मनात मान औषधालाही नव्हता. जेवायच्या सुट्टीत कुणीतरी त्यांच्या ताटासमोर बोट आडवं धरायचा, हळूहळू उभं करायचा आणि ओरडायचा, "दाजी, काटा चढला! घास थांबवा!" सगळे फिदीफिदी हसायचे. सगळ्यात मोठ्याने मेहुणा हसायचा.

खरं तर दाजींनी दुखणं बरोबर ओळखलं होतं. रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये दगडाची भुकटी आणि चिखल बसून सिमेंटसारखा घट्ट झाला होता, त्यातून वारा जायला जागाच नव्हती. वर थर्मोस्टॅटही अडकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे दारावरचा राखणदार. इंजिन गार असेपर्यंत पाणी आतल्या आत फिरवायचं, तापलं की दार उघडून ते रेडिएटरकडे निवायला धाडायचं, एवढंच त्याचं काम. हा राखणदार अर्धंच दार उघडून पेंगत बसायचा.

"अरे, एकदा रेडिएटर खाली उतरव. धुऊन काढ. थर्मोस्टॅट बदल," दाजी दर आठवड्याला सांगायचे.

"बघू, दाजी."

बघायचं म्हणजे गाडीचं सगळं तोंड उघडायचं, अख्खा दिवस घालवायचा. मेहुण्याला कामाचा जेवढा कंटाळा होता तेवढाच दाजींचाही होता.

मग एकदा खाणीचे मोठे साहेब पाहुणे घेऊन वर निघाले आणि दाजींनी त्यांना भर चढावर, रणरणत्या उन्हात, गाडीबाहेर उभं केलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "यापुढे गाडी वाटेत एकदा जरी थांबली, तर चावी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. म्हातारपणी तिथे बसून दम खा."

दाजींच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना गाडीशिवाय काहीच येत नव्हतं. घरात खिळा ठोकायला सांगितला तर अंगठा ठेचून घ्यायचे. स्टिअरिंग हातात होतं म्हणून चारचौघांत ते कुणीतरी होते. संध्याकाळी ते वर्कशॉपमध्ये गेले आणि वयाने, नात्याने मोठा असलेला हा माणूस मेहुण्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"एवढं कर रे बाबा. काटा वर जायला नको, बस."

काटा वर जायला नको ना? मेहुण्याने तेवढंच केलं. इंजिनाकडून काट्याकडे येणारी तार सोडली आणि तिच्या टोकाला मोडक्या रेडिओतला, विजेला कायम सारखाच अडवणारा, एक शेंगदाण्याएवढा तुकडा जोडून दिला. आता इंजिन गारठो की पेटो, चावी फिरवली की काटा मध्यावर यायचा आणि तिथून हलायचा नाही. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. दाजींना तेवढं कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर गार पडलेली असताना काटा टुणकन मध्यावर आला, तेव्हा दाजी जरा चपापले.

"अरे, इंजिन तर थंडगार आहे. काटा वर कसा?"

"नवा थर्मोस्टॅट टाकलाय. भारीतला आहे. पहिल्यापासून एकाच जागी धरून ठेवतो," मेहुणा म्हणाला. मागे कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला.

असा थर्मोस्टॅट जगात नसतो, हे दाजींना कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि हा तर आपल्या बायकोचा भाऊ. त्यांनी मेहुण्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

त्यानंतरचे दिवस दाजींच्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. गाडी कुठेच थांबेना. हीटर बंद. दाजी चढावर गुणगुणायला लागले, मागे बसलेल्यांना किस्से सांगायला लागले. साहेब एकदा म्हणाले, "आता कसं!" ते वाक्य दाजींनी घरी बायकोला तीनदा ऐकवलं. वर्कशॉपमधले रोज विचारायचे, "दाजी, काटा काय म्हणतो?" आणि दाजी छाती फुगवून सांगायचे, "मध्यावर!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दाजींना वाटायचं, आपल्या आनंदात सगळे सामील आहेत.

एका दुपारी साहेबांनाच घेऊन ते वर निघाले होते. अर्ध्या चढावर गोडसर, करपल्यासारखा वास आला. दाजींच्या नाकाने तो ओळखला, इतक्या वर्षांचं नाक होतं ते. पाय ब्रेककडे गेलाही. पण त्यांनी काट्याकडे पाहिलं.

"कसला वास येतोय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. काटा मध्यावर आहे."

पुढच्या वळणावर इंजिनातून ठोके ऐकू यायला लागले, बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. गाडी मागे घसरायला लागली. दाजींनी हँडब्रेक ओढून ती दरडीला टेकवली म्हणून सगळे वाचले. साहेब खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते, आणि लटपटणारा साहेब कधी माफ करत नाही.

गाडी ओढून आणायला मेहुणाच गेला. पाहतो तर इंजिनाची वाट लागलेली. त्याच्या पाचावर धारण बसली. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, तो शेंगदाण्याएवढा तुकडा खिशात टाकला आणि तार होती तशी जोडून दिली.

वर्कशॉपमध्ये साहेबांसमोर पारख झाली. दाजी एकच सांगत होते, "काटा मध्यावर होता. शपथेवर सांगतो." मेहुण्याने इंजिनाची उष्णता मोजून काट्याला कळवणारा भाग काढला आणि तारेसकट उकळत्या पाण्यात धरला. काटा सरसर लाल पट्ट्यात गेला.

"काटा तर ठणठणीत आहे साहेब," मेहुणा म्हणाला. मग दाजींकडे न बघता, आवाज मऊ करून, "दाजींचं वय झालंय. दिसत नसेल आता."

आजूबाजूला सगळे उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही. दाजींनी त्या लाल पट्ट्यातल्या काट्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग चावी टेबलावर ठेवली.

बायकोने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दाजींनी फळ्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे डोळे मी बघितले नाहीत." घरी येताना दाजी बायकोला म्हणाले, "मी अंदाजाने ठोकून दिलं. डॉक्टर फसले." रस्ता ओलांडताना ते तिचा हात धरायला लागले. पुढे जिना उतरतानाही. पेपर समोर आला की बाजूला सारायचे. दिसणाऱ्या गोष्टींवरचा त्यांचा भरवसाच उडाला होता.

एका रविवारी मेहुणा बहिणीकडे आला. ती म्हणाली, "अरे, डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत. मग यांना झालंय तरी काय? तू तरी सांग ना यांना काहीतरी."

मेहुण्याने चहा घाईने संपवला. "डॉक्टरला काय कळतंय, ताई," तो म्हणाला आणि उठला.

त्याला सोडायला दाजी जिन्यापर्यंत आले. पहिल्या पायरीवर अडखळले, हाताने चाचपत त्यांनी मेहुण्याचा दंड पकडला आणि त्याच्या आधाराने एकेक पायरी उतरत खाली आले. फाटकाशी त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू होतास म्हणून वेळेवर कळलं रे," ते म्हणाले. "नाहीतर माझ्या हातून कुणाचा तरी जीव गेला असता."