मायनस मार्किंग : निरंक

"काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांग," सर म्हणाले. "तूच सांग. तुझं ऐकतात ते."

लातूरच्या आमच्या क्लासच्या गेटवर पालक जमले होते. रविवारच्या टेस्टमध्ये प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक मार्क कापला गेला होता. या टेस्टला मायनस मार्किंग नव्हतंच. रिझल्टवरून बॅच ठरते, त्यामुळे चांगली पोरं खालच्या बॅचला गेली होती.

पेपर तपासणारा प्रोग्राम माझा, जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेतला. प्रत्येक टेस्टआधी बिराजदार काका कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरायचे. प्रश्न किती, वेळ किती, मायनस मार्किंग आहे का. या पर्यायांना आम्ही सेटिंग म्हणतो. काका झेडपीतून रिटायर झालेले क्लार्क. नववीत शाळा सोडून किनवटहून आलेल्या मला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. "डिग्री न्हाई, पण पोरगं कामाचं हाय," असं सरांना म्हणाले होते.

मी रविवारचं सेटिंग उघडलं. मायनस मार्किंगच्या रकान्यात काकांनी टाइप केलं होतं, निरंक.

सरकारी कागदावर निरंक म्हणजे काही नाही. माझा प्रोग्राम मात्र एवढंच बघत होता, की रकान्यात काही लिहिलंय का. जावास्क्रिप्टला मोकळा मजकूर म्हणजे 'नाही' आणि भरलेला कुठलाही मजकूर म्हणजे 'हो'. त्यानं शब्द बघितला आणि मार्क कापायला सुरुवात केली.

काकांकडे गेलो. "काका, रकाना मोकळा का नाही सोडला?"

"मोकळा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "भूकंपानंतर पंचनामे भरले मी. मोकळ्या रकान्यात मागून कुणी काय बी लिहायचं. तवापासून एक रकाना मोकळा सोडला न्हाई बाबा." मग हळूच म्हणाले, "चूक माझीच की रे?"

तिथं माझं डोकं फिरलं. 'नसेल तर मोकळं सोडा' असं फॉर्मवर कुठंही लिहिलेलं नव्हतं. भरलेली माहिती तपासणारा कोड लिहायला मी दोन दिवस मागितले होते. सर म्हणाले होते, "फॉर्म भरणारा माणूस एक, त्याची कसली तपासणी?" आणि नोकरी जाईल या भीतीनं मी मान डोलावली होती.

परत केबिनमध्ये गेलो. "सर, काकांनी नाही असंच लिहिलं होतं. प्रोग्रामनं हो वाचलं."

"युजरची चूक तू कशाला अंगावर घेऊन राहिलास?"

"युजरची नाहीच. माझ्या कोडची आहे. दोन दिवस मागितले होते, तुम्ही दिले नाहीत. काकांना काढायचं तर आधी मला काढा."

बोललो खरं. पण घरी काय सांगू, हे त्याच क्षणी डोक्यात येऊन गेलं.

सरांनी गेटवरच्या पालकांकडे बघितलं. "रिझल्ट कधी नीट होईल?"

"तासाभरात."

"मग इथं काय उभा राहिलास?"

संध्याकाळपर्यंत पोरं आपापल्या बॅचला परत गेली. आता त्या रकान्यात 'चालू' किंवा 'बंद' एवढंच चालतं. आकड्याच्या जागी आकडाच लागतो. दुसरं काही आलं, तर कुठला रकाना आणि तिथं काय हवं, हे मराठीत सांगून प्रोग्राम थांबतो. मोकळा रकानाही चालत नाही. ते काकांच्या सांगण्यावरून.

सरांनी पालकांना 'तांत्रिक अडचण' सांगितली. काकांना कुणी सॉरी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले आणि फॉर्म भरायला बसले.

ती तपासणी लिहायला मला दोन दिवस लागले. काकांना काढायला एक मिनिट लागलं असतं. ऑफिसात लोकांना माणूस काढणंच आधी का सुचतं, ते मला तेव्हा कळलं.