बागव्यांची प्लास्टरपट्टी

फोनवर बागवे कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. थेट विचारायचे, “डॉक्टरबाय, ह्या माप कोणी घेतल्यान?”

“मीच.”

“मगे ठीक. माका वाटला, पेशंटान स्वतःच घेतल्यान.”

घाटकोपरला दोन खोल्यांत त्यांची दातांची लॅब होती. आम्ही डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचो, ते त्यावरून दात बनवायचे. मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात भिंतीवर पाच सर्टिफिकिटं. बागवे जेमतेम दहावी. तरी चुका माझ्याच निघायच्या, आणि त्याही मालवणी हेलात. म्हणजे जखमेवर मीठ आणि वर तिरफळ.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळांवर दात बसवायचं, काम असलं की एक छळ ठरलेला. दात करण्याआधी ते मापावरून प्लास्टरची बारीक पट्टी पाठवत. ती तोंडातल्या इम्प्लांटांवर स्क्रूने बसवून बघायची. माप बरोबर असेल तर बसते, केसभर चुकलं असेल तर मोडते. “धातू पिळलो की बसता, तेका लाज नाय,” ते म्हणायचे. “प्लास्टर सरळ मोडता.”

माझ्या सासूबाईंच्या खालच्या जबड्यात मी चार इम्प्लांट घातले. त्यांवर दातांची अख्खी ओळ बसायची होती. माप घेताना इम्प्लांटांवर लावलेल्या खुंट्या दोऱ्याने आणि रेझिनने एकमेकींना बांधतात, म्हणजे मापाचा ट्रे तोंडातून काढताना त्या हलत नाहीत. रेझिन सुकायला वेळ लागतो. मला कांदिवलीला भाच्याच्या मुंजीला पोचायचं होतं. नाही बांधल्या.

पट्टी आली. तिसरा स्क्रू आवळताना ‘टक्’ झालं. सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “माझं काही मोडलं का गं?”

ती बाई तीन महिने मऊ भातावर होती आणि एकदाही कुरकुरली नव्हती. पण पुन्हा माप घ्यायचं म्हणजे घरभर नाचक्की. मग पाच सर्टिफिकिटांच्या मालकिणीने काय करावं? पट्टी गोंदाने चिकटवली आणि ‘झकास बसली’ अशी चिठ्ठी लावून परत धाडली.

दुसऱ्या दिवशी पट्टी हजर. सोबत गोंदाची नवी ट्यूब आणि चिठ्ठी: ‘पट्टी चिकटली. आता सासूबायचो जबडोय चिकटवून पाठवा, बरोब्बर बसवतंय.’

मी संतापले. दुसऱ्या लॅबला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “पट्टीबिट्टी कशाला मॅडम, डायरेक्ट करून देतो ना!” ते ऐकून मात्र मी घाबरले. ओढूनताणून बसवलेल्या दातांचा ताण हाडावर येतो. उद्या सासूबाईंचे इम्प्लांट हलले असते, आणि ते का हलले हे फक्त मला ठाऊक असतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी पुन्हा माप घेतलं. खुंट्या बांधल्या, रेझिन सुकेपर्यंत बसून राहिले. नवी पट्टी बसली आणि टिकली. दात लागल्यावर सासूबाईंनी पहिली फर्माईश केली ती चकलीची.

पुढे डॉक्टरांकडे तोंडातलं माप घेणारे स्कॅनर आले, पट्ट्यांना कोणी विचारेना, आणि बागव्यांनी लॅब बंद केली. त्यानंतर एक दिवस ते दवाखान्यात आले, खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. खालचे बहुतेक दात गेलेले. निम्म्या मुंबईच्या डॉक्टरांची मापं पाहिलेला माणूस माझ्या खुर्चीत! मी हरखून विचारलं, “बागवे, एवढ्या डॉक्टरांतून माझ्याकडेच?”

“होय तर,” ते म्हणाले. “तुमका खोटा बोलूक येणा नाय. बाकीच्यांका येता.”